रंग उडाला की मीठ उसळलं?

वाचक विचारतात, गॅरेजवाला सांगतो

स्कूटरचा कार्ब्युरेटर, ट्रॅक्टरचा क्लच, बोअरची मोटर असं सगळं या सदरात येत असतं. या महिन्यात मात्र तीन पत्रं बोटीच्या मशीनची आली आणि तिन्ही रंगाबद्दल. मी सांगलीवाडीत राहतो. समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. तरी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायची मशीनं, माझ्याकडे येतात, कारण २००५ च्या पुरानंतर कुणीतरी बंद पडलेलं एक मशीन टेम्पोत घालून आणलं, मी ते चालू करून दिलं आणि ‘आयर्विन पुलापलीकडचा म्हातारा करतो’ असं पसरलं. तेव्हा मी म्हातारा नव्हतो. पहिलं पत्र मोठं आहे, त्याचं उत्तर त्याहून मोठं. बाकीची दोन त्यातच निम्मी सुटतील.

प्रश्न : काका, स. न. मी बामणोलीचा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आमची बोट आहे, वासोट्याला जाणाऱ्या मंडळींची ने-आण करतो. तीन वर्षांपूर्वी हर्णैच्या बाजूच्या एका मच्छीमाराकडून चाळीस हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन घेतलं. इंजिन चांगलं आहे, दोरी एकदा ओढली की चालू होतं. पण दिसायला पार गेलंय. वरचं झाकण मूळचं निळसर करडं, आता पांढुरकं झालंय. हात फिरवला की खडूसारखं लागतं. खालच्या पायावर रंगाला फोड येतात, फोडले की आत पांढरी भुकटी. मागच्या दिवाळीआधी मी स्वतः पॉलिश पेपरने घासलं, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर सिल्व्हर ऑइल पेंटचे दोन हात दिले. आठ दिवस नवंकोरं दिसलं. शिमग्यापर्यंत रंग नखाने सोलून निघायला लागला, पोरं चेष्टा करायला लागली. साताऱ्यात एकाने सांगितलं, कास्टिक सोड्याने सगळा रंग काढ आणि टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा रंग, मार. मेव्हणा म्हणतो, हलका रंग वापरलास म्हणून गेला, भारीतला घे. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, तेव्हा मी मोकळा असतो. त्या दिवसांत घरीच करायचा विचार आहे. कुठला रंग घेऊ?
— एक बोटवाला, बामणोली

उत्तर : दादा, रंगाचं दुकान तूर्त विसरा. तुमच्या पत्रात ‘हर्णै’ हा एक शब्द नसता तर मी वेगळंच उत्तर लिहिलं असतं.

घरात ॲल्युमिनियमच्या डब्यात कधी लोणचं राहून गेलंय का? काही दिवसांनी बुडाला पांढरे फोड दिसतात, खरवडले की खाली बारीक खड्डे, आणि एखादा खड्डा थेट आरपार. तुमच्या मशीनचा पाय त्याच जातीच्या धातूचा, ओतीव. तो वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात चालला. जिथे दगड लागून टवका उडाला तिथून मीठ आत शिरलं आणि रंगाच्या खालून पसरत गेलं. आता मशीन कोयनेच्या गोड्या पाण्यात आलं म्हणून ते मीठ निघून जात नाही. ते खड्ड्याच्या तळाला बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि आपलं काम चालू ठेवतं. तुम्हाला दिसते ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच गंज. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो.

म्हणजे तुमचा रंग वरून उडाला नाही, खालून उचलला गेला. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की दसपट महाग रंगही शिमग्यालाच सोलला असता. फक्त दुःख दसपट झालं असतं.

त्यात रेड ऑक्साइड. ते लोखंडासाठी असतं. दाराच्या ग्रिलला, ट्रॉलीच्या चासीला उत्तम. ॲल्युमिनियमवर हवा लागताच स्वतःची एक पातळ गुळगुळीत साय धरते. साध्या तेली प्रायमरला त्या सायीवर पकड मिळत नाही. तुम्ही मीठ आत ठेवून, न धरणाऱ्या प्रायमरवर, ऊन-पाण्यात मऊ पडणारा ऑइल पेंट मारलात. आठ दिवस नवंकोरं दिसलं हेच पुष्कळ झालं.

कास्टिक सोडा मात्र अजिबात नको, यात मी भिडेला पडणार नाही. सोड्याने रंग निघतो हे खरं, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमही निघतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं की पातेलं काळं पडतं, घरात विचारा. कास्टिक हा त्याचा थोरला भाऊ. धातू विरघळताना हायड्रोजन सुटतो, तो पेट घेऊ शकतो. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा. ज्यांनी सांगितलं ते लोखंडी पत्र्याची कामं करत असणार, त्यांचं तिथे बरोबर आहे.

आता कामाला लागू. पण पेपर हातात घेण्याआधी खालच्या गिअरकेसचं तेल बघा. खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी जातंय, सील बदलल्याशिवाय रंगाचा विचार नाही. पंखा (प्रॉपेलर) काढा आणि त्याच्यामागे शाफ्टला नायलॉनचा दोरा गुंडाळलाय का ते पाहा. मच्छीमाराचं मशीन आहे, बहुतेक सापडेलच. तो दोरा सीलचे ओठ कापतो. जिथे फोड सगळ्यात दाट आहेत तिथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हळूच टोचून बघा. टोक आत गेलं तर ते रंगाचं काम राहिलं नाही, ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्या. रंगाने चीर झाकली जाते, बुजत नाही.

मग मीठ काढायचं. ही पायरी लोक गाळतात, आणि सगळं यश याच पायरीत आहे. आधी तुमचा ऑइल पेंट आणि रेड ऑक्साइड दोन्ही पूर्ण काढा. प्लास्टिकची पट्टी आणि चिंधीला एनसी थिनर, दोन्हीत निघेल. काम उघड्यावर करा, जवळ विडी-चूल नको. जुना ऑइल पेंट खाली राहिला आणि वर टू-केचा तिखट थिनर पडला तर तो सुरकुतून उठतो, दुधावरची साय चमच्याने ढकलावी तसा. मात्र कारखान्यातला मूळ रंग जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावू नका. ब्लेडने बारीक चौकड्या पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. चौकडी निघाली नाही तर तो रंग तुमच्या-माझ्या कुठल्याही रंगापेक्षा चांगला बसलेला आहे. फक्त त्याची कड घासून उतरती करा.

प्रत्येक फोड उघडा. पांढरी भुकटी खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडा, खाली चकचकीत धातू दिसेपर्यंत. त्यासाठी स्टेनलेसचा ब्रश किंवा भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी वापरा. साधा लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियमात रुततात, पुढे तेच गंजतात आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिता. हट्टी जागी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी दहा मिनिटं लावून ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. नंतर पाय अर्ध्या बॅरलात गोड्या पाण्यात उभा करा. रोज पाणी बदलायचं, तीन-चार दिवस. तुम्हाला पाण्याची काय कमी, दारात शंभर टीएमसी आहे! मधूनमधून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन ब्रश मारा. भिजवण्याच्या आधी फोड उघडलेले असलेच पाहिजेत. झाकणबंद खड्ड्यातून मीठ बाहेर येत नाही. आणि प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर धरू नका.

वाळल्यावर दोन दिवस तसंच ठेवून द्या. पुन्हा पांढरं उगवलं तर पुन्हा भिजवा. कंटाळा येईल, येऊ द्या.

आता पावसाळ्याचा मुद्दा. दादा, तुमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. जुलैत तुमच्याकडे उशीसुद्धा ओली लागते. त्या हवेत रंग नको. मी स्वतः शेण खाल्लंय म्हणून सांगतो. एका जूनमध्ये गिऱ्हाईक दारात उभं होतं, बाहेर भुरभुर चालू, मी शेडचं दार लावून काळा रंग मारला. संध्याकाळी तो राखाडी झाला होता, वर दुधासारखी झाक. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगात अडकतं. सगळा काढला, स्वतःच्या खर्चाने पुन्हा मारला. गिऱ्हाईक पुराच्या ड्यूटीवर निघालं होतं, त्याने मला जे ऐकवलं ते इथे छापणार नाही.

म्हणून पावसाळ्यात खोलणं, सील, इम्पेलर (पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चक्र), भिजवणं आणि भरपूर चहा. शेवटची घासणी आणि रंग ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस उघडल्यावर. तुमचे सीझनचे दोन-चार दिवस जातील हे मला कळतं. नसतील घालवायचे तर एप्रिल-मेमधल्या आडवारी करा. रंगायची वेळ सकाळी नऊ ते बारा. पहाटे दव असतं, आणि भर दुपारी तापलेल्या धातूवर रंग पोचण्याआधीच वाळतो, मग हाताला वाळूसारखा लागतो.

त्या दिवशी सकाळी १८० नंबरचा पेपर, मग ३२०. धूळ झाडा, थिनरच्या स्वच्छ चिंधीने एकाच दिशेने पुसा, दुसऱ्या कोरड्या चिंधीने लगेच टिपा. यानंतर हात लावू नका. डोक्याला खोबरेल लावून आलेला मदतनीस तर जवळही नको. तेलाचा एक ठिपका राहिला की रंग तिथून बाजूला सरतो आणि गोल डोळा पडतो. शेजारी कुणी गाडीच्या डॅशबोर्डला चकाकीचा स्प्रे मारत असेल तरी तेच होतं, त्यात सिलिकॉन असतं. एका आठवड्यात माझे तीन जॉब असे बिघडले. चौथ्या वेळी कळलं, की शेडच्या पलीकडे माझाच पुतण्या स्वतःची कार चमकवत बसायचा.

सकाळी उघडं केलेलं ॲल्युमिनियम सूर्य मावळायच्या आत झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर ती साय परत जाड होते. प्रायमर टू-पॅक इपॉक्सी घ्या. ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर छापलेलं असलं पाहिजे. घरी ब्रशने मारता येतो, पाणी अडवण्यात त्याच्यासारखा नाही. बेस आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापाने, अंदाजाने नाही. मी औषधाच्या बाटलीचं मापटं वापरतो. पातळ दोन हात. काही पेंटर आधी पिवळसर-हिरवट वॉश प्रायमर मारायला सांगतील. तोही ॲल्युमिनियमला उत्तम धरतो, पण त्यात आम्ल असतं आणि कित्येक इपॉक्सींचं त्याच्याशी जमत नाही. दोघांतला एकच निवडा. शिवाय जुन्या पद्धतीच्या वॉश प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असतं, त्याची कोरडी धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

खड्डे भरायला इपॉक्सी पुट्टी, पहिल्या प्रायमरच्या वर. गाडीच्या दरवाजाला भरतात ती पॉलिस्टर पुट्टी पाण्याखालच्या भागाला नको, ती पाणी पिते. वाळली की ४०० नंबर वॉटर पेपर, आणि प्रायमरचा आणखी एक हात. इपॉक्सीवर तसंच थांबू नका. उन्हात तो खडूसारखा पडतो, वर रंग लागतोच.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, कुठला रंग. पायाला, कंपनीच्या शेडचा आउटबोर्डचा स्प्रे डबा मिळाला तर तो घ्या. नाहीतर एका डब्यातला पीयू (पॉलियुरेथेन) इनॅमल, ब्रशने, दोन पातळ हात. टू-के पॉलियुरेथेन सगळ्यात टिकाऊ, साताऱ्याच्या माणसाचं तेवढं बरोबर आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा करोनाचा मास्क त्याला अडवत नाही. घराच्या पडवीत, लेकरं-गुरं आसपास असताना टू-के फवारायचा नाही. खालचं सगळं काम तुम्ही करा आणि शेवटचा हात साताऱ्यातल्या एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून, त्याच्या बूथमध्ये मारून घ्या. पैसे रंगापेक्षा घासाघाशीचेच जास्त लागतात, ती तर तुम्ही केलेलीच असेल. तुमचा प्रायमर कुठला ते त्याला डबा दाखवून सांगा.

कुठे रंग लावायचा नाही हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. पाणी ओढायच्या जाळ्या, मुतारीचं भोक (म्हणजे जिथून पाण्याची बारीक धार बाहेर पडते ते, आम्ही गॅरेजात असंच म्हणतो), पंख्याचा शाफ्ट, रबरी सील, ग्रीसचे निप्पल, तेलाचे स्क्रू आणि नंबराची पट्टी. सगळं मास्किंग टेपने झाका. आणि ॲनोड. पंख्याच्या वर किंवा ब्रॅकेटपाशी करड्या धातूचा एक ठोकळा बसवलेला असतो. मशीनच्या ऐवजी त्याने झिजावं म्हणून तो असतो. सुरुवातीच्या काळात मी एका राजापूरच्या मशीनला हौसेने टोकापासून टोकापर्यंत चंदेरी रंग दिला, ॲनोडसकट. दोन वर्षांनी ते परत आलं. गिअरकेस चाळणी, आणि ॲनोड बोहल्यावरच्या नवरीसारखा, एक ओरखडा नाही. रंगाखाली झाकला तर बिचारा झिजणार कसा? मालक भला होता. मला अजून लाज वाटते.

तुमच्या मशीनला हर्णैचा जस्ताचा ॲनोड असेल तर तो बदला. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण पापुद्रा धरतो आणि तो काम करायचं थांबतो. कोयनेत मॅग्नेशियमचा चालेल, मात्र ते मशीन पुन्हा कधी समुद्रात उतरवायचं नाही, तिथे मॅग्नेशियम भराभर खाल्लं जातं. ॲनोड जिथे टेकतो तिथला धातू उघडा ठेवा. आणखी एक, खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियमचं ओलाव्यात जमत नाही.

उरलं वरचं झाकण. ते बहुधा रंगायलाच लागणार नाही. हाताला लागते ती वरची उन्हाने मेलेली पातळ पापडी. तळहाताएवढ्या जागेवर रबिंग कंपाउंड हाताने घासा. खालून निळसर करडा निघाला तर सगळं झाकण तसंच घासा, मेण लावा, झालं काम. न निघाल्यास स्टिकर हेअर ड्रायरने ऊन करून सोलून काढा, चिकट राहिलेलं रॉकेलने आणि मग साबणाने काढा, ६०० नंबरने ओलं घासा आणि रंगाला द्या. झाकण फायबरचं की प्लास्टिकचं ते फुटलेल्या कडेवर कळतं, तंतू दिसले की फायबर. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो आणि एनसी थिनरने ते विरघळायला लागतं, सांभाळा. शेड जुळवायला झाकणाची आतली बाजू दुकानात दाखवा, तिथे ऊन पोचलेलं नसतं.

प्रश्न : सर, पलूस तालुक्यातलं आमचं गाव कृष्णेकाठी आहे. ग्रामपंचायतीकडे पुरासाठी रबरी बोट आणि पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन आहे. समाजमंदिराच्या पत्र्याखाली उघडंच असतं. काळं झाकण विटलंय, पायाचा रंग खालच्या टोकाला घासून धातू दिसतो. जूनच्या आधी थोडा निधी आहे, त्यात फ्लोरोसंट केशरी रंग द्यावा, म्हणजे लांबून दिसेल, असं सदस्यांचं म्हणणं आहे. घरीच करता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्या, ता. पलूस

उत्तर : ताई, तुमचं मशीन कधी समुद्र न पाहिलेलं. त्याचा रंग मिठाने नाही, कृष्णेच्या गाळाने घासून गेलाय. पुराचं पाणी म्हणजे वाहता पॉलिश पेपरच. धातू उघडा आहे तिथे साबणाने धुवा, घासा, वर सांगितलेला इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या. एका रविवारी उरकेल, भिजवत बसायची गरज नाही.

केशरीची कल्पना चांगली, फ्लोरोसंटची नाही. फ्लोरोसंट रंग उन्हात फार लवकर फिका पडतो आणि तुमचं मशीन वर्षाचे अकरा महिने नुसतं उभं असतं. साधा गडद केशरी घ्या. तो काळ्यावर थेट मारला तर चार हातांनीही काळं झाकणार नाही, मळकट विटकरी दिसेल. खाली पांढऱ्या प्रायमरचा हात द्या, मग दोन हातांत खुलतो. रात्रीसाठी झाकणाच्या दोन्ही बाजूंना ट्रकला लावतात ती चकाकणारी पट्टी लावा. ती कुठल्याही रंगापेक्षा जास्त उपयोगाची, बॅटरीचा झोत पडला की दिसते.

पण निधी थोडा आहे म्हणता, तर मी आधी रंगावर खर्च करणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, म्हणजे बघा. माझ्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बुडाला. बायकोने माळ्यावर ठेवलेलं लोणचं वाचलं आणि माझी अवजारं गेली, ते ती अजून ऐकवते. त्या पाण्यात मशीन बंद पडतं ते दोन-तीन कारणांनी. जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची जेट बुजते. वर्षभर एका जागी दबून राहिलेल्या इम्पेलरची रबरी पाती वाकडी होतात, पाणी ओढत नाहीत, इंजिन तापतं. आणि बुडलेल्या रानातून जाताना उसाचा पाला, द्राक्षबागेच्या तारा, ठिबकच्या नळ्या पंख्यात गुंडाळतात.

तेव्हा आधी नवा इम्पेलर, नवा प्लग, पंख्याच्या जादा कातर पिना (पंखा अडकला की आधी तुटतात त्या) किंवा हबचं सामान, आणि एक चांगली पक्कड बोटीत दोरीने बांधून. महिन्यातून एकदा मशीन पाण्याने भरलेल्या बॅरलात उभं करून दहा मिनिटं चालवा. कोरडं, नुसतं ‘चालू होतं का बघू’ म्हणून दोरी ओढू नका. पाण्याविना थोडा वेळ फिरला तरी इम्पेलर भाजतो. नंतर पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या. हे सगळं करून पैसे उरले तर केशरी. आणि रंग दिला नाही तरी एक जुनी ताडपत्री मशीनवर टाका. वारा खेळता राहील अशी, आवळून नको. पत्र्याखालीसुद्धा बाजूने ऊन येतंच.

पंख्याला रंग देऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सदस्यांपैकी कुणीतरी सुचवेल. देऊ नका. पहिल्याच पुरात गाळ तो काढून टाकतो. कडांना टवके असतील तर कानशीने सारखे करा, तिन्ही पाती तपासून. एकच पातं जास्त घासलं की मशीन थरथरतं.

प्रश्न : मामा, मी विट्याचा. दापोलीला भावाची बोट खाडीत कायम पाण्यात असते. मशीनच्या पायाला शेवाळ आणि कालवं धरतात. बोटीच्या तळाला लावतात तो तांब्याचा लाल रंग उरलाय, तोच मशीनला मारला तर चालेल ना?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही हो. बोटीचा तळ लाकडाचा किंवा फायबरचा, त्याला तांबं चालतं. मशीनचा पाय ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजायची पाळी ॲल्युमिनियमची येते. रंगाला एक ओरखडा गेला तरी पुरे. तळाला तो रंग देतानासुद्धा मशीनच्या ब्रॅकेटभोवती बोटभर जागा सोडा. मशीनसाठी तांबं नसलेला, ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेला रंग वेगळा मिळतो, तो इपॉक्सीच्या पूर्ण थरावर द्यायचा. त्याहून सोपं, भावाला सांगा, बोट बांधली की मशीन वर उचलून पाय पाण्याबाहेर ठेव आणि गोड्या पाण्याच्या दोन बादल्या त्यावर ओत. उरलेला लाल रंग डबा घट्ट लावून ठेवा, पुढच्या वर्षी तळाला लागेलच.